मुख्य रस्ता दुरुस्तीसाठी बंद करताना : सोलापूर शहरासाठी काही सूचना

जलवाहिनी बदलणे, ड्रेनेजची खचलेली लाईन नव्याने टाकणे किंवा डांबरी रस्त्याचे काँक्रिटीकरण करणे, अशा कामासाठी मुख्य रस्ता बंद ठेवावा लागणार असेल, तर तयारी किमान सहा आठवडे आधी हाती घ्यावी आणि तिची सुरुवात पर्यायी मार्गापासून करावी. मुख्य रस्त्यावरची वाहतूक ज्या रस्त्याने वळवायची, तो रस्ता तो भार पेलतो की नाही, हे नकाशावर कळत नाही. त्यासाठी उपअभियंता, वाहतूक शाखेचा अधिकारी आणि ठेकेदाराचा सुपरवायझर यांनी सकाळी शाळांच्या वेळी आणि पुन्हा संध्याकाळी तो मार्ग एकत्र पायी पाहावा. सिटी बस कोणत्या कोपऱ्यावर वळू शकत नाही, कोणत्या चेंबरचे झाकण रस्त्याच्या पातळीच्या वर किंवा खाली आहे, कोठे वायरी लोंबतात, कोणत्या दुकानासमोर दिवसभर टेम्पो उभा असतो, याची नोंद करून त्या गोष्टी आधी दुरुस्त कराव्यात. पूर्व भागात, जेथे अरुंद गल्ल्यांतून यंत्रमागांचा माल भरला-उतरवला जातो, तेथे कारखानदारांशी बोलून माल चढवण्याची वेळ रात्रीची ठरवून घेतली नाही, तर वळवलेली वाहतूक पहिल्याच दिवशी अडकते. पर्यायी मार्गावरचे खड्डे आपल्या कामाच्या अंदाजपत्रकात धरावेत, असे माझे ठाम मत आहे. तो खर्च वाढीव समजून गाळला जातो आणि मग एका रस्त्यासाठी दोन रस्ते बिघडतात.

त्यानंतर तारखा ठरवाव्यात. जानेवारीत सिद्धेश्वर महाराजांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक शहरातील ६८ लिंगांना भेट देते, आणि उंच काठी कमरेला तोलून चालणाऱ्या मानकऱ्यांच्या पायांखाली सपाट रस्ता लागतो. त्यामुळे त्या मार्गावरील काम डिसेंबरच्या मध्यापर्यंत पूर्ण होणार नसेल, तर ते संक्रांतीनंतरच हाती घ्यावे. त्याच हंगामात बाजार समितीत कांद्याची मोठी आवक होते, म्हणून हैदराबाद रस्त्याकडे जाणारी जड वाहने अडतील असे काम तेव्हा टाळावे. कोजागरीला तुळजापूरकडे पायी निघणारे भाविक, आषाढीच्या आधी शहरात मुक्कामी येणारी गजानन महाराजांची पालखी, गणेशोत्सव आणि आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका हेही वेळापत्रकात धरावे लागते. डांबरीकरण पावसाळ्यात करू नये, हे वेगळे सांगायला नको.

परवानग्या दोन असतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. रस्ता खोदण्याची परवानगी महापालिका देते. वाहतूक वळवण्याचा आदेश पोलीस आयुक्तालयाकडून निघतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार वाहतुकीवरील निर्बंध एक महिन्यापेक्षा अधिक काळ राहणार नसतील, तर राजपत्रात अधिसूचना आवश्यक नसते, मात्र स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. महिन्यापेक्षा जास्त दिवस लागणार असतील, तर त्यानुसार प्रस्ताव आधीच पाठवावा. परवानगीसाठी अर्ज करतानाच पाणीपुरवठा, ड्रेनेज, वीज, गॅस आणि दूरसंचार केबल या सगळ्यांना लेखी विचारावे की या रस्त्याखाली त्यांचे काही काम बाकी आहे काय, आणि ज्यांचे असेल त्यांची कामे याच बंद काळात, सर्वांत खोल लाईनपासून वरच्या लाईनकडे, क्रमाने उरकून घ्यावीत. नव्या रस्त्यावर दोन महिन्यांत पुन्हा जेसीबी लागतो तो याच पत्राच्या अभावी.

सोलापुरात पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे जोडणीचे काम त्या भागाची पाळी होऊन गेल्यावर लगेच सुरू करावे. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह कोठे आहे हे चावीवाल्याला माहीत असते; त्याला पहिल्या बैठकीला बोलवावे. लोकांना सूचना देताना केवळ वृत्तपत्रातील जाहीर प्रगटनावर विसंबू नये. झोन कार्यालयाने घंटागाडीवरून घोषणा करावी आणि फलक मराठीबरोबर त्या भागात बोलल्या जाणाऱ्या तेलुगू, कन्नड किंवा उर्दूत लावावेत. भल्या सकाळी वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करायला पायी निघणाऱ्या कामगार महिलांना रस्ता कोठून खुला आहे, हे आदल्या दिवशी कळले पाहिजे.

फलक कोठे लावायचा, यावर बरेच अवलंबून असते. खड्ड्याच्या तोंडाशी ‘रस्ता बंद’ लिहिलेले वाहनचालकाच्या काही उपयोगाचे नाही. ज्या चौकातून त्याला दुसरीकडे वळता येते, तेथे आणि त्याच्याही आधी एक फलक हवा. कामाच्या जागेवरील वाहतूक नियोजनासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शक पुस्तिका आहे. तीत आधीचा इशारा, वाहने वळवण्याचा टप्पा, प्रत्यक्ष कामाची जागा आणि वाहतूक पूर्ववत होण्याचा टप्पा असे भाग दिले आहेत. ठेकेदाराकडून त्याच क्रमाने आराखडा मागावा. बॅरिकेडऐवजी दगड मांडून दोरी बांधण्याची पद्धत पूर्णपणे बंद करावी. रात्री वीज गेली तर दुचाकीस्वाराला ती दोरी दिसत नाही; त्याला दिसतो तो रिफ्लेक्टर आणि बॅटरीवर लुकलुकणारा दिवा, म्हणून रोज अंधार पडल्यावर एकाने प्रत्येक दिवा हाताने तपासून वहीत सही करावी.

काळ्या मातीचा चर वरून भक्कम दिसतो, पण पाणी मुरले की त्याची बाजू अचानक ढासळते. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधार दिल्याशिवाय मजूर उतरवू नये, आणि निघालेली माती कडेपासून निदान दीड मीटर दूर टाकावी. पाइप टाकल्यावर दाबाची चाचणी घेऊनच चर बुजवावा. तीच काळी माती परत ढकलून वरून रोलर फिरवल्यास पहिल्या पावसात रस्ता बसतो. मुरूम थराथराने टाकून प्रत्येक थर पाणी मारून दाबावा. काम चालू असताना रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब प्रत्येक घराच्या जास्तीत जास्त जवळ कोठपर्यंत येऊ शकतात, हे रोज बदलते. म्हणून ती माहिती रोज संध्याकाळी १०८ रुग्णवाहिकेच्या स्थानिक चालकांना, अग्निशमन केंद्राला आणि ‘सिव्हिल’ रुग्णालयाला कळवावी.

काँक्रीट ओतायचे असेल, तर एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो हे लक्षात घेऊन ते संध्याकाळनंतर ओतावे आणि त्यावर अंथरलेले गोणपाट सतत ओले ठेवावे. काँक्रीटची अपेक्षित ताकद २८ दिवसांची धरलेली असते, त्यामुळे व्यापाऱ्यांच्या किंवा नगरसेवकांच्या आग्रहापोटी जड वाहने आधी सोडू नयेत. गरज पडल्यास पादचारी आणि दुचाकींसाठी कडेची वाट मोकळी करावी.

रस्ता खुला करण्यापूर्वी चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीत आहेत का, गतिरोधकावर पट्टे मारले आहेत का हे पाहावे, आणि वाहतूक वळवण्याचा आदेश रद्द झाल्याचे पोलिसांकडून लेखी घ्यावे. ‘पर्यायी मार्ग’ लिहिलेला प्रत्येक फलक त्याच दिवशी उतरवावा. नव्या लाईनची खोली आणि व्हॉल्व्हची जागा दाखवणारा नकाशा झोन कार्यालयात जमा झाल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक काढू नये, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर चराची संपूर्ण लांबी चालत पाहून जेथे रस्ता बसला असेल तेथे दोषदायित्व कालावधीतच, म्हणजे ठेकेदाराला स्वखर्चाने दोष दुरुस्त करणे बंधनकारक असते त्या मुदतीतच, दुरुस्तीची लेखी नोटीस द्यावी.