जिंजीला जाताना या चुका टाळा

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात असून बारावा, म्हणजे जिंजी, तमिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यात आहे. तेव्हापासून तेथे जाण्याचा विचार मराठी दुर्गप्रेमींच्या मनात अधिक येऊ लागला असेल, तर नवल नाही. मात्र सह्याद्रीत अंगवळणी पडलेल्या सवयी तशाच बरोबर नेल्या, तर तेथे त्या अडचणीच्या ठरतात.

पहिली चूक हंगामाची. गड पाहावा तो पावसाळ्यात, असे आपण धरून चालतो. परंतु जून-जुलैमध्ये या भागात हिरवाई नव्हे, तर तापलेले खडक भेटतात. येथील मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो आणि तेव्हा ग्रॅनाइटच्या पायऱ्या निसरड्या होतात. जानेवारी व फेब्रुवारी हे महिने त्यातल्या त्यात उत्तम.

दुसरी चूक वेळेची, आणि सहल वाया जाते ती बहुधा हिच्यामुळेच. पुदुच्चेरीत सावकाश न्याहारी करून निघालेला माणूस सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून ऐन उन्हात राजगिरी या किल्ल्याच्या मुख्य डोंगराच्या पायथ्याशी पोहोचतो. पायथ्यापासून माथा अंदाजे 240 मीटर उंच आहे. आकडा किरकोळ वाटतो, परंतु चढाई मोठमोठ्या उघड्या शिळांमधून असल्याने खडकाची धग खालूनही लागते, आणि दुपार कलल्यावर वर जाऊ देत नाहीत. त्यामुळे किल्ला उघडताच चढायला लागावे आणि प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी बरोबर घ्यावे. उशीर झालाच, तर चढण्याचा हट्ट सोडून खालच्या कोटातील कल्याणमहाल, कमानदार छतांची धान्यकोठारे आणि वेंकटरमण मंदिर निवांत पाहावे. एवढ्यातही अर्धा दिवस सहज जातो.

खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवून चढणे ही चूक लहान वाटते, पण महागात पडते. येथील माकडे पिशवीच्या आवाजानेच धावून येतात. एखाद्या माकडाने पिशवी धरली, तर ओढाताण न करता ती सोडून द्यावी.

राजगिरी म्हणजेच जिंजी, हा समजही खरा नाही. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी हे तीन डोंगर तटबंदीने एकमेकांस जोडून हा किल्ला सिद्ध झाला आहे, आणि मुघल सेनापती जुल्फिकारखानाचा वेढा 1690 पासून जानेवारी 1698 पर्यंत का रेंगाळला, हे या तिन्ही टोकांकडे एकत्र पाहिल्याशिवाय उमगत नाही. त्यासाठी कृष्णगिरी चढावा. तिरुवण्णामलै रस्त्याच्या उत्तरेला असलेला हा डोंगर उंचीने कमी असून त्यावरून समोरचा राजगिरी आणि उतारांवरून धावणारा तट एका नजरेत येतो. दोन्ही डोंगर एकाच दिवशी करायचे असल्यास सकाळी आधी राजगिरीच घ्यावा. त्याच्या माथ्याजवळ खोल घळ असून ती पुलावरून ओलांडावी लागते. हा पूल काढून घेतला, की बालेकिल्ला एकटा लढवता येत असे.

इतिहासाच्या बाबतीत आपली अडचण थोडी वेगळी आहे. महाराजांनी हा किल्ला 1677 मध्ये दक्षिण दिग्विजयात जिंकला आणि 1689 मध्ये राजाराम महाराजांनी येथेच आश्रय घेतला, हे आपल्याला पाठ असते. म्हणून दिसेल ती वास्तू आपण शिवकालीन ठरवून मोकळे होतो. प्रत्यक्षात कल्याणमहाल व वेंकटरमण मंदिर मराठ्यांपूर्वीच्या नायक राजवटीचे मानले जातात, पायथ्याची सादतुल्लाखानाची मशीद अठराव्या शतकातली आहे, आणि स्थानिक तमिळ लोकांच्या आठवणीत 1714 मध्ये रणात पडलेला जिंजीचा राजपूत राजा देसिंगू अधिक ठळक आहे. त्याचे नाव काढले, तर माणसे मोकळेपणाने बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटची बाब उच्चाराची. बसवाहकाला ‘जिंजी’ म्हटलेले कळेलच असे नाही. ‘सेंजी’ म्हणावे आणि किल्ल्यासाठी ‘कोट्टै’. रेल्वेने येणाऱ्यांनी तिंडिवनम स्थानकावर उतरून पुढे बस धरावी. सेंजीचे बसस्थानक किल्ल्यापासून सुमारे दोन किलोमीटर अलीकडे असल्याने तेथून रिक्षा करावी. पौर्णिमा मात्र टाळावी, कारण त्या दिवशी तिरुवण्णामलैच्या गिरिप्रदक्षिणेला निघालेल्या भाविकांनी या मार्गावरील बसगाड्या खच्चून भरलेल्या असतात.