कुत्र्याचे जुनाट पोटाचे दुखणे आणि आहाराची चाचणी

कुत्र्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ पातळ शी, उलट्या किंवा आव पडण्याचा त्रास होत असेल, तर आहार बदलण्यापूर्वी पशुवैद्याकडून शीची तपासणी करून घ्यावी. पोटात जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) असेल, तर नुसते अन्न बदलून भागत नाही. वजन घटत असेल, शी काळी पडत असेल किंवा तीत रक्त दिसत असेल, तर घरगुती प्रयोगात वेळ दवडू नये.

तपासणीत काही आढळले नाही, तर आहाराची चाचणी घ्यावी, कारण अशा अनेक कुत्र्यांना केवळ अन्न बदलल्याने आराम पडतो. चाचणीसाठी कुत्र्याने आजवर न खाल्लेले एकच प्रथिन निवडावे. आपल्याकडची बहुतेक पाळीव कुत्री चिकन-भातावर वाढतात, त्यामुळे 'हलके' म्हणून तेच चालू ठेवले, तर चाचणीला अर्थ उरत नाही. काटे काढलेला उकडलेला मासा आणि बटाटा चालतो. मात्र अशा घरच्या जेवणात कॅल्शियम अपुरे पडते, म्हणून ते लांबवायचे असल्यास पशुवैद्याकडून पूरके ठरवून घ्यावीत. नवे अन्न पाच ते सात दिवसांत जुन्यात वाढवत न्यावे आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. फरक पडायचा असेल, तर तो बहुधा दोन आठवड्यांत दिसतो.

खरी कसोटी घरातल्या माणसांची असते. आमच्या मोतीची चाचणी दोनदा फसली: एकदा आजी सकाळी तिला पोळीचा तूप लावलेला तुकडा देत असे म्हणून, आणि एकदा जंताच्या गोळीलाच मांसाचा स्वाद होता म्हणून. मग आम्ही फ्रिजवर वही टांगली आणि तोंडात गेलेला प्रत्येक घास व प्रत्येक शी तीत नोंदवली.

नाशिककरांनी आणखी एक काळजी घ्यावी. द्राक्षांच्या हंगामात घरी क्रेट येतात, पण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. कांदा, मग तो शिजवलेला असला तरी, रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो. म्हणून मिसळीचा रस्सा किंवा भाजीचे उरलेसुरले वाडग्यात कधीच घालू नये.

शी घट्ट होऊन काही आठवडे टिकली, की पशुवैद्याच्या सल्ल्याने जुने अन्न पुन्हा देऊन पाहावे. मोतीला चिकन दिले, आणि तिसऱ्या दिवशी वहीत पुन्हा 'पातळ' अशी नोंद झाली.