येडी बाभूळ काढायला निघालात? या चुका टाळा

बीड-धाराशिवच्या माळांवर येडी बाभूळ, गौताळ्याच्या आणि येडशीच्या डोंगरात घाणेरी, नाथसागराच्या काठाला बेशरम, आणि रस्ता दिसेल तिथं गाजर गवत. ही चारही परदेशातून येऊन इथं पसरलेली. मराठवाड्यात सरकारसाठी वन्यजीव अभ्यासक म्हणून काम करायचं म्हणजे लांडगा-काळविटापेक्षा जास्त दिवस या चौघांच्या मागं जातात. नवीन पोरांना हे पटत नाही. त्यांना कॅमेरा ट्रॅप लावायचे असतात. पण गवताळ माळच उरला नाही तर कॅमेऱ्यात येणार कोण?

जमिनीलगत कापून मोकळं होणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघतो, आणि दर वेळी करणाऱ्याला वाटतं की आपण शहाणे आहोत.

बीड जिल्ह्यातला एक माळ. निधी आला जानेवारीत, मार्चअखेर खर्ची टाकायचा. मी म्हटलं, निम्म्याच क्षेत्रावर काम घ्या, पण खोदून घ्या आणि थोडे पैसे पुढच्या दोन पावसाळ्यांसाठी ठेवा. वरून उत्तर आलं, 'क्षेत्र कमी दाखवता येणार नाही.' मग कुऱ्हाडी लागल्या. फेब्रुवारीच्या शेवटी माळ गुळगुळीत. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. पोळ्याच्या सुमारास तिथं गेलो तर एकेका खुंटातून आठ-दहा फांद्या, छातीइतक्या उंच. आधी झाडांखालून वाकून जाता यायचं, आता कुत्रंही शिरेना. तिथं मेंढरं चारणारे एक धनगर आजोबा काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "सायेब, तुमी तर येडीची छाटणी करून दिली."

आजोबांचं निदान बरोबर होतं. या झाडाचे फुटव्याचे डोळे खोडाच्या तळाशी, मातीच्या खालीही असतात. वरून कापलं की ते सगळे एकदम जागे होतात. म्हणून कापायचं ते मातीच्या खाली. बुंध्याभोवती वीतभर, मोठं झाड असेल तर थोडं जास्तच उकरायचं, मान, म्हणजे खोड आणि मूळ जिथं जुळतं ती जागा, पूर्ण उघडी करायची आणि तिच्या खालून मूळ तोडायचं. मुरमाड माळावर हे काम पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर सोपं जातं. मार्चमध्ये पहारीतून ठिणग्या निघतात आणि मजूर साहजिकच वरून कापून पुढं सरकतो. त्याला दोष देऊ नका, वेळापत्रक तुमचं आहे.

बुंध्यावर जळकं ऑइल किंवा तणनाशक ओतायचा सल्लाही मिळेल. पाणवठ्याच्या आसपास मी ते करू देत नाही, बाकी ठिकाणीही पहार आधी.

"जेसीबी लावा, दोन दिवसांत होतं." होतं ना. गवताच्या मुळ्यांसकट माळ उलटा होतो, मातीत वर्षानुवर्षं पडून राहिलेलं बी वर येतं आणि पुढच्या पावसात तिथं येडीची रोपं आणि गाजर गवत खांद्याला खांदा लावून उभे असतात.

सगळ्यात दाट जागेपासून सुरुवात

दाट जागेचा फोटो चांगला येतो, एवढंच त्याचं कारण. मी उलट करतो. जिथं अजून मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं टिकून आहेत आणि येडीची तुरळक झुडपं आहेत, तिथून सुरू करायचं आणि दाट भागाकडं सरकत जायचं. चांगला माळ वाचवायला थोडे मजूर पुरतात, गेलेला परत आणायला वर्षं लागतात. शिवाय दाट झाडोरा एका दमात साफ केला की त्यात दिवस काढणारे कोल्हे, मोर, ससे उघड्यावर येतात, आणि गावातल्या बायका सरपणासाठी शेजारच्या बाभळी-हिवरावर जातात. पट्ट्यापट्ट्यानं काढा.

हिवर आणि येडी यातला फरक न सांगणं

ठेकेदाराच्या टोळीला 'काटेरी तेवढं काढा' म्हणून सांगितलं तर ते काटेरी तेवढं काढतात. नायगावच्या मोरांच्या अभयारण्यासारख्या भागात गावठी बाभूळ, हिवर, बोर, सगळंच काटेरी. कामाआधी सकाळी टोळीला घेऊन फिरा. येडीची फुलं लांबट तुऱ्यासारखी, शेंग पिवळट आणि बऱ्यापैकी सपाट. गावठी बाभळीची फुलं पिवळी गोल, शेंग मण्यांच्या माळेसारखी. हिवराची साल फिकट, लांबून ओळखू येते. जे ठेवायचं त्याला चुन्याचा पट्टा मारा. मी टोळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला चुन्याची बादली देतो. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि त्याचा शब्द बाकीचे मोडत नाहीत.

शेळ्या विसरणं

उन्हाळ्यात चारा संपला की शेळ्या-गुरं येडीच्या शेंगा खातात. बी पचत नाही, लेंडीतून जसंच्या तसं बाहेर पडतं, वर खतही मिळतं. साफ केलेल्या माळावर कळप बसवला की पावसाळ्यात नेमकी तिथं रोपं. कळप राखणाऱ्याशी भांडून उपयोग नाही. शेंगा पडायच्या दिवसांत कळप कुठं बसवायचा हे त्याच्याशी चहा पिऊन ठरवा, आणि श्रावणात रोपं उपटायला माणसं ठेवा. बोटाएवढं रोप हातानं निघतं, वर्षभरानं कुदळ लागते.

माळ मोकळा झाला म्हणून झाडं लावणं

कृपा करून खड्डे मारू नका. माळ म्हणजे अर्धवट राहिलेलं जंगल नव्हे. काळवीट, चिंकारा, लांडगा यांना मोकळं गवत लागतं. आणि गिरिपुष्प, सुबाभूळ लावून एक परदेशी काढून दुसरं आणण्यात काय हशील? गवताचं बी पेरा, दोन वर्षं चराई थांबवा.

बाकीच्या, थोडक्यात

घाणेरी पेटवू नका, जास्त जोमानं फुटते. मूळ मातीखाली दोन-तीन बोटांवर तोडून झुडूप उलटं टाकायचं, आणि घाणेरीची फळं खाऊन बुलबुल बसतात त्या झाडांखाली पुढं रोपं शोधत राहायचं.

गाजर गवत फुलल्यावर उपटू नका, एका झाडावर हजारो बिया असतात. फुलायच्या आधी, हातमोजे घालून. गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगे सोडले असतील तर त्याच ठिकाणी फवारणी करणाऱ्याला काय म्हणावं मला कळत नाही. भुंगे पावसाळ्यात काम करतात, जानेवारीत सोडून 'गुण नाही' म्हणू नका.

जलपर्णी काढून काठावर रचून ठेवू नका, पहिल्या पुरात ती परत पाण्यात जाते.

मांगूर तलावात 'पुण्य म्हणून' सोडणाऱ्यांना थांबवा. हा आफ्रिकन मासा इतर मासे खातो आणि हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळं पाणी आटलं तरी चिखलात तग धरतो. त्याच्या पालनावर बंदी आहे.

आणि परवानगी. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 च्या दुरुस्तीनं आक्रमक परदेशी प्रजातींची व्याख्या आली, तेव्हापासून काही उत्साही मंडळींना वाटतं की परदेशी झाड म्हणजे कुणीही तोडावं. त्या दुरुस्तीनं आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांवर नियंत्रणाचे अधिकार केंद्र सरकारला दिले, तुमच्या हातात कुऱ्हाड दिली नाही. अभयारण्यात त्याच कायद्याचं कलम 29, म्हणजे परवान्याशिवाय तिथलं काही तोडायला-काढायला मनाई, तसंच लागू आहे. कागद हातात आल्याशिवाय टोळी गेटच्या आत नेऊ नका, मग सोबत स्वयंसेवी संस्था असो की कॉलेजचं एनएसएस शिबिर.