घराबाहेरून स्टोरेज सर्व्हरला मोबाइल ॲप सुरक्षितपणे कसे जोडावे

घरच्या वाय-फायवर असताना मोबाइलमधील ॲपला स्टोरेज सर्व्हर (फाइली साठवून नेटवर्कवर पुरवणारे उपकरण) लगेच सापडतो, कारण दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कवर असतात आणि सर्व्हरला बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता मिळालेला असतो. हा पत्ता इंटरनेटवर चालत नाही. त्यामुळे घराबाहेर पडताच ॲप अडते आणि अनेक जण राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरून एका ठरावीक पोर्टवर (क्रमांकाच्या दारावर) आलेली विनंती सर्व्हरकडे वळवून, सर्व्हरचे लॉगिन पान थेट इंटरनेटवर आणतात. हे करू नये. तो पोर्ट जसा आपल्या ॲपला दिसतो, तसाच इंटरनेटवर रात्रंदिवस उघडे पोर्ट धुंडाळणाऱ्या प्रोग्रामनाही दिसतो. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने अशाच उघड्या सर्व्हरवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती.

त्याऐवजी व्हीपीएन, म्हणजे मोबाइल आणि घर यांच्यातील कूटबद्ध खासगी मार्ग, वापरावे. वायरगार्ड हे व्हीपीएन मोफत असून मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलचाच (गाभ्याचाच) भाग आहे. अनेक राउटर आणि स्टोरेज सर्व्हरवर ते चालते. सर्व्हरवर किंवा राउटरवर ते सुरू केल्यावर प्रत्येक मोबाइलसाठी किल्ल्यांची (एक खासगी, एक सार्वजनिक) स्वतंत्र जोडी तयार करावी आणि तिचा क्यूआर कोड वायरगार्डच्या ॲपमधून स्कॅन करावा. या कोडमध्ये खासगी किल्ली असते, म्हणून त्याचा फोटो कोणाला पाठवू नये. वायरगार्ड राउटरच्या मागील सर्व्हरवर असेल, तर राउटरमध्ये फक्त त्याचाच यूडीपी (डेटा पाठवण्याची एक पद्धत) पोर्ट, सामान्यतः ५१८२०, पुढे पाठवावा. पोर्ट येथेही उघडतो हे खरे, पण ओळखीची किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणी करणाऱ्याला तेथे काही आहे याचा पत्ता लागत नाही.

दोन अडचणी हमखास येतात. इंटरनेट कंपनीने दिलेला सार्वजनिक पत्ता बदलत राहतो. त्यासाठी डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एका कायम नावाशी जोडणारी सेवा) लावून मोबाइलमध्ये पत्त्याऐवजी नाव भरावे. दुसरी अडचण अधिक चिवट आहे: राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेले असते आणि त्या पत्त्यावर पोर्ट फॉरवर्डिंगचा काहीही उपयोग होत नाही. अशा वेळी आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत, जिच्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो) किंवा पोर्ट न उघडता उपकरणे जोडणारी टेलस्केलसारखी सेवा कामी येते. घरचे नेटवर्क १९२.१६८.१ वर असल्यास ते आधीच बदललेले बरे, कारण बाहेरच्या वाय-फायवरही नेमके तेच पत्ते असले, तर मोबाइल सर्व्हरला चुकीच्या नेटवर्कवर शोधू शकतो.

व्हीपीएन असले तरी ॲपमध्ये एचटीटीपीएस (ॲप आणि सर्व्हरमधील कूटबद्ध जोडणी) सुरूच ठेवावे. त्यात सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र सर्व्हरने स्वतःच सही केलेले असेल, तर ॲप इशारा देते आणि आपण सवयीने ‘पुढे जा’ दाबतो. ही सवय मला सर्वांत घातक वाटते. पहिली जोडणी घरच्या वाय-फायवरच करावी, ॲपने दाखवलेला प्रमाणपत्राचा ठसा (त्याच्या ओळखीची अक्षरे-अंकांची मालिका) सर्व्हरच्या सेटिंगमधील ठशाशी ताडून पाहावा आणि मगच ते स्वीकारावे. पुढे कधी तोच इशारा परत आला आणि आपण प्रमाणपत्र बदललेले नसेल, तर पासवर्ड न भरता थांबावे. स्वतःचे डोमेन असल्यास लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्याचे नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करावी.

मोबाइलवर ॲडमिनचे खाते वापरू नये. वेगळे खाते काढून त्याला हवे तेवढेच फोल्डर द्यावेत आणि द्विस्तरीय पडताळणी लावावी. तिचा सहा अंकी कोड सहसा दर ३० सेकंदांनी बदलतो, म्हणून सर्व्हरचे घड्याळ अचूक हवे. मोबाइल हरवला तर सर्व्हरवरून त्या एकाच उपकरणाची किल्ली आणि त्याचे चालू लॉगिन रद्द करावे. इतरांची जोडणी तशीच राहते.

शेवटी मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर दोनदा तपासावे. व्हीपीएन चालू असताना फाइल उघडली पाहिजे. ते बंद केल्यावर ॲप सर्व्हरपर्यंत पोहोचता कामा नये. तरीही पोहोचले, तर राउटरमधील जुने फॉरवर्डिंगचे नियम आणि आपोआप पोर्ट उघडणारी यूपीएनपी ही सुविधा बंद करावी, आणि सर्व्हर उत्पादकाची रिले सेवा (त्याच्या यंत्रणेमार्फत ॲपला सर्व्हरशी जोडणारी) सुरू राहिलेली नाही ना, हेही पाहावे.