घरातले आणि गॅलरीतले फोटो फोनने काढताना या चुका टाळा

आधी कुठेतरी जायला हवं असं समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो. सप्टेंबरात फुलांसाठी कासच्या पठारावर जायचं, पावसाळ्यात धबधब्यांसाठी ताम्हिणी घाटात जायचं, जरूर जा, पण तिथे दोन तास मिळतात, त्यातला अर्धा वेळ पार्किंग शोधण्यात जातो, आणि इकडे घरच्या कढीपत्त्यावर रोज काहीतरी नवीन चाललेलं असतं त्याच्याकडे कोणाचं लक्षच नसतं. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, त्यामुळे लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही फुलपाखरं दोन्हींच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतात. आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन (२०१५ मध्ये जाहीर झालं) तेसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतं. अंडं पिवळसर, गोल, खसखशीएवढं. त्यातून निघालेली अळी आधी तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी, म्हणून तर पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की एकदम हिरवीगार होते आणि पानात अशी मिसळते की समोर असून दिसत नाही. बहुतेक घरांत काय होतं, पानं कुरतडलेली दिसली की लगेच फवारा नाहीतर अळी उचलून खाली. तसं करू नका. चार फांद्या खाऊ देत तिला, पावसाळ्यात कढीपत्ता परत फुटतो.

आणि रोज एकाच जागेवरून एक फोटो काढा. अळी कोष करते तेव्हा कमरेभोवती रेशमाचा एक दोरा बांधून स्वतःला फांदीला टेकवून घेते, तो दोरा फोनच्या फोटोतही स्पष्ट येतो. कोष काळपट होऊन आतल्या पंखांची नक्षी दिसायला लागली की समजा वेळ आली, बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर येतं, पंख चुरगळलेले, ओले, आणि ते सुकेपर्यंत तिथेच लटकून बसतं. इतका वेळ एका जागी बसलेलं फुलपाखरू एरवी कुठल्या सहलीत मिळणार? पोरांना शाळेच्या आधी उठवून दाखवा.

फार जवळ जाणं

छोटी गोष्ट दिसली की आपण फोन पार तिच्या नाकाशी नेतो आणि मग तक्रार करतो की फोकस होत नाही. फोनच्या मुख्य लेन्सला वीतभर तरी अंतर लागतं. मागे या आणि २एक्स (म्हणजे दुप्पट झूम) करून काढा, बघा किती फरक पडतो. मॅक्रो मोड (अगदी जवळच्या फोटोंसाठीचा) चालू केला तर बरेच फोन गुपचूप वाइड, म्हणजे जास्त परिसर दाखवणाऱ्या लेन्सवर जातात, मग तुम्हाला अगदी जवळ जावं लागतं आणि फोनची सावली नेमकी अळीवर पडते. शिवाय फार जवळ गेलात तर अळी घाबरून डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढते, त्याला उग्र वास येतो. दिसायला भारी असतं म्हणून लोक मुद्दाम काडीने टोचून ते काढायला लावतात, कृपा करून असं करू नका, ती तिची जीव वाचवायची शेवटची धडपड आहे.

वाऱ्याने फांदी हलत असेल तर कपड्यांचा चिमटा घ्या आणि फांदी बाजूच्या काठीला लावून टाका.

लेन्स न पुसणं

फोटो धुरकट येतोय, दिव्यांभोवती पट्टे दिसतायत, तर नवीन फोन बघायच्या आधी सुती कपड्याने लेन्स पुसा. बोटांचं तेल असतं ते. पावसाळ्यात एसीतून बाहेर आल्यावर लेन्सवर वाफ धरते, तेव्हा पुसत बसू नका, पाच-दहा मिनिटं फोन बाहेरच्या हवेत राहू दे.

"इकडे बघा, हसा"

आजी खिडकीत बसून मेथी निवडतेय, हात आपोआप चाललेत, देठं एकीकडे पानं एकीकडे, आणि आपण म्हणतो आजी इकडे बघ ना, की झालं, ती पदर सारखा करते, ताठ बसते, आणि आपल्याला हवं होतं ते सगळं संपतं. त्यापेक्षा आधी सांगून टाका की आजी तुझे काम करतानाचे फोटो काढतोय, मग पंधरा मिनिटं बाजूला गप्पा मारत बसा. ती विसरते. आणि काढलेले फोटो तिला दाखवा, नको म्हणाली तो डिलीट करा, तिच्यासमोरच.

दिवसा खिडकीजवळ असाल तर घरातला दिवा बंद करा. बाहेरचा उजेड निळसर आणि घरातला बल्ब पिवळा, दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा अर्धा दुसऱ्या. खिडकी आजीच्या मागे नको, बाजूला हवी. हात जरा काळे येत असतील तर स्क्रीनवर हातावर टॅप करा, म्हणजे फोन त्या जागेचा उजेड धरतो, मग लागलं तर बोट वर-खाली सरकवून कमी-जास्त करा. ब्यूटी मोड आधी बंद, काही फोनमध्ये तो आपोआप चालू असतो आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून टाकतो, आता सांगा त्या काढून टाकल्यावर राहिलं काय! चेहऱ्याचा फोटो १एक्सवर अगदी जवळून काढला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात, इथेही तेच, दोन पावलं मागे आणि २एक्स.

लहान मुलांचे फोटो हलतात कारण घरात उजेड कमी असतो आणि शटर जास्त वेळ उघडं राहतं. धावतं पोर स्पष्ट यायला शटरचा निदान १/२५० सेकंद तरी स्पीड लागतो, तो ट्यूबच्या उजेडात सहसा मिळत नाही. खेळ दाराशी, गॅलरीत, अंगणात आणा, बर्स्ट मोड (एकापाठोपाठ एक भराभर फोटो) वापरा, आणि खाली बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत पोरांचं फक्त डोकं दिसतं.

पाऊस फोटोत न येणं

डोळ्यांना धो धो दिसतो आणि फोटोत नुसतं पांढरं आभाळ. कारण थेंब उजळ, मागचं आभाळही उजळ. मागे काहीतरी गडद हवं, आंब्याचं झाड, ओली काळी भिंत, उघडा दरवाजा, आणि उजेड पावसाच्या मागून किंवा बाजूने यायला हवा. मग प्रत्येक धार वेगळी दिसते. स्क्रीन ओली झाली की टच ऐकत नाही, तेव्हा व्हॉल्यूमच्या बटणाने फोटो काढा.

घरट्यात डोकावणं

बुलबुल बऱ्याचदा गॅलरीतल्या टांगलेल्या कुंडीत घरटं करतो आणि घरात सगळ्यांना इतका आनंद होतो की दर तासाला कोणीतरी फोन घेऊन तिथे. नका करू. पानं बाजूला सारून फोटो काढलात की ते घरटं कावळ्याला उघडं पडतं, आणि सारखी वर्दळ असली तर आईबाप अंडी सोडूनही जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी आणि घरट्यांना धक्का लावणंही शिकारीच्या व्याख्येत येतं हे फार लोकांना माहीत नसतं. खोलीतला दिवा बंद करून काच स्वच्छ पुसा, फोन काचेला टेकवा आणि आतून काढा. फ्लॅश नाही म्हणजे नाही. काजव्यांवर तर अजिबात नाही, त्यांचं जोडीदार शोधणंच उजेडाच्या खुणांवर चालतं.

फोटो काढणारी व्यक्ती कुठेच नसणं

घराघरातला अल्बम चाळा, फोटो काढणारी व्यक्ती त्यात सापडत नाही. बऱ्याच घरी आता ती आई असते. आठवड्यातून एकदा फोन पोरांच्या हातात द्या, वाकडा आला तरी चालेल.

पाठवला म्हणजे ठेवला असं समजणं

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो गेला की तो लहान होतो, मोबाइलवर कळत नाही पण मोठी प्रिंट काढायला गेलात की फाटतो. जागा नाही म्हणून मूळ फोटो उडवू नका, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मुलांचे फोटो बाहेर टाकताना कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद आहे ना तेही बघा, नाहीतर घरचा पत्ता फोटोबरोबर जाऊ शकतो. आणि वर्षातले थोडे तरी फोटो ४ बाय ६ इंचांमध्ये छापून घ्या, मागे नाव आणि साल लिहा, कढीपत्त्यावरच्या अळीच्या फोटोमागेसुद्धा.