कॅनबेरा बघायला जाताय? मग ते वसवणारे अधिकारी असे शोधा

आधी माउंट एन्सलीवर जा. समोर अँझॅक परेड हा रुंद रस्ता, तलाव, जुनी पार्लमेंट अन् त्यामागे कॅपिटल हिल, सगळं एका रेषेत दिसतं, ही रेषा वॉल्टर बर्ली ग्रिफिनची, त्याने ऑस्ट्रेलियाच्या या राजधानीच्या आराखड्याची 1912 ची स्पर्धा जिंकली अन् अप्रतिम ड्रॉइंग्ज काढली त्याची बायको मॅरियन महोनीने, हे नाव विसरू नका प्लीज.

आता तलावाकडे उतरा. धरणाला स्क्रिव्हनरचं नाव आहे, जागेचा सर्व्हे करणारा तोच. तलाव ग्रिफिनच्या नावाचा, पण सरकारी खात्यातल्या अधिकाऱ्यांशी त्याचे इतके खटके उडाले की 1917 ला रॉयल कमिशनची चौकशी झाली अन् 1920 ला तो बाहेर पडला, त्याला तलाव बघायलाच मिळाला नाही, फार वाईट वाटतं.

मग जुन्या पार्लमेंटसमोर थांबा, उद्घाटन 1927. तेव्हा शहराचा कारभार जॉन बटर्सच्या कमिशनकडे होता, रस्ते, घरं, बदलून आलेल्या कारकुनांची सोय, सगळं त्यांच्याच गळ्यात. माझ्या मते त्याचं श्रेय कमीच सांगतात.

पुढे मंदी, युद्ध, काम रखडलं. 1964 ला तलाव भरला तो राजधानीच्या विकास आयोगाचा प्रमुख जॉन ओव्हरॉलच्या काळात, म्हणून परतताना तलावावरच्या पुलावरून चालतच या.