अमेरिकेत नवा किंवा जुना फुल-साइज पिकअप घेताना

अमेरिकेच्या बाजारात फुल-साइज पिकअपचे पर्याय मोजकेच आहेत: फोर्डची एफ-१५०, शेवरोलेची सिल्व्हराडो १५००, तिच्याच सांगाड्यावर उभी असलेली जीएमसी सिएरा १५००, रॅम १५०० आणि टोयोटाची टुंड्रा. निसानची टायटन २०२४ च्या मॉडेलनंतर बंद झाली, त्यामुळे ती आता जुन्या गाड्यांतच शोधावी लागते. नावे इतकी थोडी असल्यामुळे पुष्कळ जण आधी कंपनी ठरवतात आणि मग त्या कंपनीची जी गाडी डीलरकडे उभी असेल ती घेतात. पिकअपच्या बाबतीत हा क्रम फसवा ठरतो, कारण एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांत केबिन, इंजिन, अ‍ॅक्सल आणि सजावट यांच्या फरकामुळे वजन वाहण्याची क्षमता शेकडो पौंडांनी कमी-जास्त असते. म्हणून मॉडेलची कीर्ती बाजूला ठेवून प्रत्यक्ष समोर असलेली गाडी तपासणे, मग ती नवी असो वा जुनी, हाच या खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

तपासणीची सुरुवात चालकाच्या बाजूचे दार उघडून करावी. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचा दाब सांगणारे पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे एक लेबल असते आणि त्यावर, माणसे व सामान यांचे एकूण वजन अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये, असे वाक्य छापलेले असते. तो आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो, माहितीपत्रकातला आकडा मात्र त्या मॉडेलच्या सर्वांत सोयीच्या रूपाचा असतो. उदाहरणादाखल असे समजू की माहितीपत्रकात ११,००० पौंडांचा ट्रेलर ओढण्याची क्षमता लिहिली आहे आणि दारावरच्या लेबलवर १,४८० पौंड आहेत. घरातल्या चार माणसांचे वजन ६२० पौंड झाले. सामान भरलेला ट्रेलर ६,५०० पौंडांचा आहे. साध्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या सांध्यावर, आणि पर्यायाने गाडीवरच येतो; १३ टक्के धरले तर तो ८४५ पौंड होतो. हिचचे स्वतःचे वजन ९० पौंड धरले की बेरीज १,५५५ वर जाते. ट्रेलर ओढण्याची मर्यादा अजून कितीतरी दूर असताना गाडीची वजन वाहण्याची मर्यादा ओलांडली गेली, आणि हौद्यात, म्हणजे मागच्या सामानाच्या उघड्या भागात, अजून एक खोकेही ठेवलेले नाही. नंतर बसवलेले हौद्याचे झाकण, पायऱ्या, जड बंपर हे सगळे याच १,४८० मधून वजा करायचे असते. चामड्याच्या आसनांची, काचेच्या छताची महागडी आवृत्ती साध्या आवृत्तीपेक्षा कमी वजन वाहते, हे विक्रेता सहसा आपण होऊन सांगत नाही.

या हिशेबात गाडी बसत नसेल तर २५०० किंवा एफ-२५० या वरच्या वर्गाकडे पाहावे. मात्र तिथे चाल अधिक खडबडीत असते, टायर व देखभाल महाग पडते आणि ८,५०० पौंडांपेक्षा जास्त एकूण वजनमर्यादा (गाडीचे स्वतःचे वजन धरून) असलेल्या अशा गाड्यांच्या खिडकीवर इंधनखपतीचा सरकारी आकडाही नसतो. वर्षातून दोनदा ट्रेलर ओढण्यासाठी त्या वर्गात जाणे मला तरी पटत नाही. त्या दोन वेळांसाठी भाड्याची गाडी स्वस्त पडते.

केबिन आणि हौदा यांची निवड एकत्रच करावी लागते. चार पूर्ण दारांच्या केबिनबरोबर बहुधा साडेपाच फुटांचा हौदा मिळतो. चार बाय आठ फुटांचे प्लायवूड त्यात मागची फळी खाली पाडूनच न्यावे लागते, आणि तेही दोरीने नीट बांधून. साडेसहा फुटांचा हौदा अधिक कामाचा, पण त्याने गाडीची लांबी वीस फुटांच्या पुढे जाते. साडेपाच फुटांच्या हौद्याची चार दारी एफ-१५० सुद्धा सव्वाएकोणीस फुटांहून थोडी लांब आहे, म्हणून डीलरकडे जाण्यापूर्वी गॅरेजची आतली लांबी, तसेच दाराची उंची आणि रुंदी टेपने मोजून घ्यावी. व्यवसायासाठी गाडी घेणाऱ्यांनी हौद्याच्या लांबीकडे आणखी एका कारणाने पाहावे. ६,००० पौंडांपेक्षा जास्त एकूण वजनमर्यादेच्या एसयूव्हींना प्राप्तिकरातील कलम १७९ खाली वजावटीची जी कमाल मर्यादा लागते, ती आतून किमान सहा फूट लांब हौदा असलेल्या पिकअपला लागत नाही. आपल्या बाबतीत हे कसे लागू पडते ते करसल्लागाराकडून सहीपूर्वी समजून घ्यावे.

फोर व्हील ड्राइव्हबद्दल थोडक्यात: बर्फ, चिखल, बोटीचा उतार किंवा कच्चा रस्ता यांपैकी काही नेहमीचे नसेल तर इंजिनाची ताकद दोनच चाकांना देणारी आवृत्ती स्वस्त, हलकी आणि वजन वाहण्यात सरस असते. फोर व्हील ड्राइव्ह घ्यायचीच असेल तर 'ऑटो' स्थिती असलेली प्रणाली बघावी, कारण साधी पार्ट-टाइम प्रणाली कोरड्या डांबरी रस्त्यावर चालू ठेवली की वळताना पुढची-मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि यंत्रणेवर ताण येतो.

नवी गाडी घेताना बोलणी नेहमी एकाच आकड्यावर करावीत: कर, नोंदणी, कागदपत्रांचे शुल्क आणि डीलरने लावलेल्या सर्व वस्तू धरून गाडी दाराबाहेर काढण्यासाठी एकूण किती डॉलर द्यायचे. हा आकडा तीन-चार डीलरांकडून लेखी मागवावा, मग ते कितीही दूर असोत. कारखान्यातून गाडी पोहोचवण्याचे शुल्क पिकअपवर दोन हजार डॉलरांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते आणि त्यावर घासाघीस होत नाही, परंतु रंगाचे संरक्षण, टायरमधला नायट्रोजन, चोरीविरोधी खुणा यांसारख्या वस्तू काढून टाकायला सांगता येतात. विक्रेता महिन्याच्या हप्त्यावर बोलू लागला तर विषय पुन्हा एकूण किमतीवर आणावा. हप्ता छोटा दिसावा म्हणून कर्ज ८४ महिन्यांपर्यंत ताणले जाते, आणि मग गाडीच्या बाजारभावापेक्षा कर्ज जास्त अशी स्थिती वर्षानुवर्षे राहते. आधी एखाद्या क्रेडिट युनियनकडून, म्हणजे सभासदांच्या सहकारी पतसंस्थेकडून, कर्ज मंजूर करून घेतले की डीलरच्या व्याजदराशी तुलना करायला हातात काहीतरी असते. तीन दिवसांत गाडी परत करता येते असा एक समज सर्वत्र ऐकू येतो. डीलरच्या कायमच्या जागेत झालेल्या गाडीविक्रीला संघराज्याचा तो नियम लागूच होत नाही, तेव्हा सहीपूर्वीच जे वाचायचे ते वाचावे.

नवी की जुनी, याचे एकच उत्तर नाही, पण पिकअपची किंमत मोटारीच्या मानाने सावकाश उतरते हे ध्यानात ठेवावे. दोन वर्षे जुन्या गाडीची किंमत आणि कंपनीची सूट व कमी व्याजदर धरून नव्या गाडीची किंमत कागदावर शेजारी शेजारी मांडली तर पुष्कळदा फरक फारच थोडा उरतो आणि तेव्हा वॉरंटीसह नवी गाडी शहाणपणाची ठरते. खरा फायदा चार-सहा वर्षे जुन्या, एकाच मालकाच्या आणि देखभालीच्या पावत्या असलेल्या गाडीत असतो.

जुन्या गाडीच्या बाबतीत विक्रेत्याला भेटण्यापूर्वीच सतरा अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, मागून घ्यावा. संघराज्याच्या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाने राहिलेले रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावलेली असूनही न झालेली दुरुस्ती, विनामूल्य दिसतात. कंपनीच्या लौकिकावर विसंबून ही पायरी गाळू नये. भरवशाची मानली जाणारी टुंड्रासुद्धा २०२२ आणि २०२३ च्या मॉडेलसाठी, यंत्रकामात राहिलेल्या धातूच्या कणांमुळे इंजिन बंद पडण्याच्या शक्यतेवरून, २०२४ मध्ये परत बोलावली गेली; आणि जनरल मोटर्सने २०२१ ते २०२४ च्या मॉडेलांतील ६.२ लिटर व्ही८ इंजिनांसाठी २०२५ मध्ये मोठे रिकॉल काढले. दुरुस्ती झाली असेल तर तिची पावती पाहावी. अपघात व मालकीचा अहवाल विकत घ्यावा, पण त्यात काही नाही म्हणजे काही घडलेच नाही असे समजू नये, कारण विम्याकडे न गेलेली दुरुस्ती अहवालात येत नाही. मालकीहक्काच्या कागदावर, म्हणजे टायटलवर, 'सॅल्व्हेज' (भंगारात काढण्याइतके नुकसान झालेली), 'रीबिल्ट' (तशा नुकसानीनंतर पुन्हा उभी केलेली) किंवा पुराचा शेरा असेल तर किंमत कितीही मोहक असली तरी माझा सल्ला ती गाडी सोडून दुसरी पाहण्याचा आहे.

पाहायला जाताना विक्रेत्याला एकच विनंती करावी: इंजिन आधी चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवून ते खरोखर थंड आहे याची खात्री करावी, कारण पिकअपच्या इंजिनांचे कित्येक दोष पहिल्या एक-दोन मिनिटांतच ऐकू येतात. रॅमच्या ५.७ लिटर हेमी इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचा) बोल्ट तुटला असेल तर थंडपणी टकटक येते आणि धातू तापून प्रसरण पावला की ती नाहीशी होते. २०१७ नंतरच्या काही एफ-१५० गाड्यांच्या ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिनात कॅम फेझर (झडपा उघडण्याची वेळ बदलणारा भाग) झिजल्यास चालू करताक्षणी दोन-तीन सेकंद खडखडाट होतो. गरजेप्रमाणे काही सिलिंडर बंद ठेवणाऱ्या जनरल मोटर्सच्या व्ही८ इंजिनांत लिफ्टर (झडप उचलणारा भाग) बिघडला की टिकटिक येते आणि ती गरम झाल्यावरही राहू शकते. विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल तर शांतपणे दुसऱ्या दिवसाची वेळ मागावी.

त्यानंतर अंगावर जुने कपडे असतील तर बरे, कारण गाडीखाली शिरायचे आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांतल्या पिकअपचे आयुष्य इंजिनापेक्षा फ्रेम, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ठरवते. एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमची आहे, त्यामुळे बाहेरून एकही डाग नसलेल्या गाडीची फ्रेम, जी पोलादाचीच आहे, खालून पोखरलेली असू शकते. टॉर्च आणि छोटा हातोडा घेऊन मागच्या अ‍ॅक्सलच्या वरचा भाग, स्प्रिंग जिथे फ्रेमला अडकतात त्या जागा आणि सुट्या (स्पेअर) टायरच्या वरची आडवी पट्टी पाहावी. २००० ते २००३ च्या टुंड्रा याच शेवटच्या भागातल्या गंजामुळे परत बोलावल्या गेल्या होत्या. हलक्या ठोक्याने खणखणीत आवाज आला तर वरवरचा तांबूस थर चिंतेचा नाही. बद्द आवाज आला, पापुद्रे निघाले किंवा हातोडा रुतला तर व्यवहार तिथेच संपवावा. नुकताच फासलेला काळा लेप दिसला तर तो कशासाठी, हे विचारल्याशिवाय राहू नये. ब्रेकच्या धातूच्या नळ्याही याच वेळी पाहून घ्याव्यात.

हौद्यावर बसवलेले प्लॅस्टिकचे अस्तर उचलता येत असेल तर उचलून पाहावे. हौद्याच्या मध्यभागी बुजवलेली भोके असतील तर फिफ्थ-व्हील किंवा गूजनेक (हौद्यातच बसवायचे हिचचे प्रकार) जोडून जड ट्रेलर ओढले गेले असावेत. हिचचा गोळा घासून चकाकलेला असणे आणि ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर बसवलेला असणे याचाही अर्थ तोच. ओढकाम हा दोष नाही, पण तसे असेल तर गिअरबॉक्सचे तेल केव्हा बदलले याची पावती हवीच. मैलांच्या आकड्याबरोबर इंजिनाचे तासही बघावेत. अनेक पिकअपच्या पडद्यावर ते दिसतात. ६०,००० मैल आणि ४,००० तास म्हणजे सरासरी वेग ताशी १५ मैल, याचा अर्थ इंजिन कामाच्या जागी तासन्‌तास उभ्या उभ्या चालले आहे. टायरच्या कडेवरील डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा व वर्ष सांगतात, ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. पाचवे टायर, म्हणजे सुटे, पाहायचे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

चालवून पाहताना महामार्गावर वीस मिनिटे तरी जावे, चढावर गिअर धक्का न देता बदलतात का ते बघावे आणि खडीच्या रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्हची वेगाची स्थिती फोर-हाय, मग थांबून न्यूट्रलमध्ये मंद गतीची स्थिती फोर-लो लावून पाहावी, कारण वर्षानुवर्षे न वापरलेली ही यंत्रणा अडकून बसते. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे उपकरण, जोडल्यावर एकही दोष न दिसता स्वयंतपासण्या मात्र अपूर्ण दिसल्या तर कोणीतरी नुकताच दोषांचा इतिहास पुसला आहे, असा संशय घ्यावा. डिझेल गाडीची प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकलेली असेल तर ती घेऊच नये. असा फेरफार संघराज्याच्या कायद्याने बेकायदा आहे. एवढे झाल्यावरही स्वतंत्र मेकॅनिककडून लिफ्टवर तपासणी करून घ्यावी आणि विक्रेता त्याला नकार देत असेल तर तो नकारच उत्तर समजावा.

डीलरकडच्या जुन्या गाडीच्या खिडकीवर 'बायर्स गाइड' नावाचा कागद लावणे संघराज्याच्या नियमाने बंधनकारक आहे. त्यावर 'अ‍ॅज इज' (आहे तशी, हमीशिवाय) अशी खूण असेल तर विक्रीनंतरची दुरुस्ती आपल्या खर्चाने, मग विक्रेत्याने तोंडी काहीही म्हटलेले असो. खासगी विक्रेत्याला हा नियम लागू नाही. त्याच्या गाडीवर कर्ज बाकी असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेच्या शाखेतच भेटावे, पैसे तिथे भरावेत आणि टायटल मोकळे झाल्याचा कागद घ्यावा. टायटलवरचे नाव विक्रेत्याच्या ओळखपत्राशी आणि त्यावरचा व्हीआयएन डॅशबोर्डवरच्या क्रमांकाशी जुळवावा, विक्रीपत्रावर मैलांची नोंद करून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि विमा सुरू झाल्याचा क्रमांक हातात आल्यावरच गाडी रस्त्यावर काढावी.